क्लच प्लेट किलोमीटर पाहून बदलायची नसते

‘गाडी ५० हजार किलोमीटर चालली की क्लच प्लेट बदलायलाच हवी,’ असा सल्ला बरीच वर्षे फिरतो आहे. इंजिन ऑइलला ठराविक मुदत असते, तशी क्लचलाही असेल असे वाटणे साहजिक आहे.

पण क्लच प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गियरबॉक्सकडे नेणारी चकती, झिजते ती घसरताना. पेडल पूर्ण सोडले की प्लेट फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारी जड चकती) आणि तिच्यावर दाब देणारी प्रेशर प्लेट यांच्यात घट्ट दाबलेली असते. तेव्हा ती जवळजवळ घसरतच नाही. झीज होते ती हाफ क्लचमध्ये, म्हणजे पेडल अर्धवट दाबलेले असताना: गाडी उचलताना, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरताना, पेडलवर पाय टेकवून चालवताना. म्हणून हायवेवरची प्लेट लाखाच्या पुढे टिकते आणि गर्दीतली खूप आधी संपते.

तपासणे सोपे आहे. मोकळ्या रस्त्यावर, वरच्या गियरमध्ये, कमी आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम झपकन चढला पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. सोबत जळका वास असेल तर शंका उरत नाही. गियर अडकत पडत असेल तर मात्र आधी क्लच केबल किंवा क्लच फ्लुइड पाहा. प्लेट ठणठणीत असू शकते.

आणि प्लेट खरोखर संपली असेल, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) सोबतच बदलावे. त्यात काटकसर नको, कारण मोठी मजुरी गियरबॉक्स उतरवण्याचीच असते.