लस थांबली आणि गोवर आला: सामोआची गोष्ट

सामोआ हा पॅसिफिक महासागरातला पिटुकला देश, लोकसंख्या जेमतेम २ लाख. २०१९ च्या शेवटी तिथे गोवराची साथ आली, ५,७०० च्या वर लोक आजारी पडले आणि ८३ दगावले, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची पोरं. आता गोवराची लस काही नवीन नाही, १९६३ पासून आहे, स्वस्त आहे आणि कामही चोख करते. मग एवढी पोरं गेली कशी? तर सुरुवात होते साथीच्या वर्षभर आधी, जुलै २०१८ मध्ये.

एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस. ती कोरड्या पावडरच्या रूपात येते आणि पाणी वेगळं येतं. टोचायच्या आधी नर्स ते पाणी पावडरीत घालते, हलकेच फिरवते आणि मग सिरिंजमध्ये ओढते. एवढा उपद्व्याप कशाला, तर आतला विषाणू जिवंत असतो (कमजोर केलेला, पण जिवंतच) आणि एकदा ओला झाला की फार टिकत नाही, सहा तासांत वापरली नाही तर ती बाटली फेकायची. सामोआत त्या दिवशी पाण्याऐवजी भलतंच औषध मिसळलं गेलं, ऑपरेशनच्या वेळी पेशंटचे स्नायू सैल करायला देतात ते, आणि त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात. दोन बाळं दगावली. दोन्ही नर्सना पुढे कोर्टात शिक्षा झाली.

लसीत काहीच खोट नव्हती, पण सरकारने एमएमआरचं लसीकरणच थांबवलं. चौकशी होईपर्यंत थांबवणं मी समजू शकतो, पण ते कित्येक महिने बंद राहिलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा आया पोरांना घेऊन यायलाच घाबरत होत्या, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पहिला डोस घेतलेल्या बाळांचं प्रमाण ३०-३५ टक्क्यांच्या आसपास आलं. आधीही ते फार भारी होतं अशातला भाग नाही.

गोवराला नेमकं हेच पाहिजे असतं. कुणाकडेच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक पेशंट सरासरी १२ ते १८ जणांना तो देतो, इतका पसरणारा दुसरा आजार शोधून सापडणार नाही. पेशंट खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. त्यात पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरायला लागतो, आणि तेव्हा नुसता ताप, खोकला, लाल डोळे, वाहतं नाक, घरच्यांना वाटतं साधी सर्दी आहे.

आता गणित बघा. एक पेशंट १५ जणांना देतो असं धरलं, तर साथ मावळायला त्या १५ पैकी निदान १४ जण सुरक्षित पाहिजेत, म्हणजे ९३ टक्के झाले. ९५ टक्के लसीकरणाचा जो आकडा सारखा ऐकू येतो तो इथून येतो. त्यात एका डोसने साधारण ९३ टक्केच मुलं सुरक्षित होतात, म्हणून दुसरा डोस. बरेच जण त्याला बूस्टर समजतात, पण तो मुख्यतः पहिला डोस ज्यांना लागूच पडला नाही त्यांच्यासाठी असतो. आणि अगदी तान्ह्या बाळांना तर लस देताच येत नाही, आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लसीचा विषाणूच मारून टाकतात, त्यामुळे ही बाळं पूर्णपणे आजूबाजूच्यांच्या भरवशावर.

बरं, गोवर बरा झाला म्हणजे सुटलो असंही नाही. तो शरीराने आधीच्या आजारांची ठेवलेली आठवणच पुसतो. २०१९ मध्येच छापून आलेल्या एका संशोधनात गोवर झालेल्या मुलांच्या इतर आजारांविरुद्धच्या अँटीबॉडीज ११ ते ७३ टक्के कमी झालेल्या दिसल्या, म्हणजे न्यूमोनिया वगैरेंना पुढे दार उघडंच.

त्याच सुमारास शेजारच्या टोंगातही गोवर पोचला, न्यूझीलंडहून परतलेल्या रग्बी खेळणाऱ्या पोरांबरोबर. तिथे लसीकरण चांगलं होतं. काहीशे केसेस झाल्या, मृत्यू एकही नाही.

सामोआत नोव्हेंबरमध्ये आणीबाणी लागली, शाळा बंद, लस सक्तीची. ५ आणि ६ डिसेंबरला तर अख्खा देशच बंद ठेवला, सरकारी ऑफिसं, दुकानं सगळं. लोकांनी घरीच थांबायचं आणि घरात कुणी लस न घेतलेलं असेल तर दाराबाहेर लाल कापड लावायचं, टीम येऊन टोचून जाणार. लसीचं संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे जातात, त्यामुळे केसेस लगेच थांबल्या नाहीत, मधल्या काळात आणखी मुलं गेली. महिनाअखेरीस लसीकरण ९५ टक्क्यांच्या आसपास पोचलं आणि २८ डिसेंबरला आणीबाणी उठली.