पुन्हा रंगवणे : एका क्रियेची शब्दकथा

रंगलेल्या वस्तूला नव्याने रंग देण्यासाठी मराठीत रूढ असे एकपदी क्रियापद नाही. विटलेले लुगडे ‘पुन्हा रंगवायचे’ आणि घराला दर काही वर्षांनी ‘रंग काढायचा’, एवढ्यावर भागते; यातला ‘काढणे’ मराठी शिकणाऱ्याला हमखास चकवतो. ‘पुनर्रचने’च्या धर्तीवर ‘पुनर्रंजन’ म्हणता येईल, परंतु संस्कृत संधिनियमानुसार रेफापुढे (म्हणजे ‘र्’ या वर्णापुढे) रेफ आला की पहिला लोपतो व मागचा स्वर दीर्घ होतो, म्हणजे शुद्ध रूप ‘पुनारंजन’ ठरते, आणि ते कोणी उच्चारील असे वाटत नाही.

मूळ धातू ‘रञ्ज्’. रंग, राग, रक्त, रंजन ही सारी त्याचीच संतती. पाणिनीच्या ‘तेन रक्तं रागात्’ या सूत्रात ‘राग’ म्हणजे रंगद्रव्य आणि ‘रक्त’ म्हणजे रंगवलेले. मंजिष्ठेने, म्हणजे मुळांतून तांबडा रंग देणाऱ्या वेलीने, रंगवलेले ते मांजिष्ठ; कषायाने, म्हणजे तांबूस भगव्या रंगाने, रंगवलेले ते काषाय. ‘रजक’ही याच धातूचा. व्युत्पत्तीने तो रंगवणारा, पण रूढ अर्थाने धोबी झाला. कापडाची खळ आणि मळ धुऊन काढल्याशिवाय रंग नीट बसत नाही, त्यामुळे हे दोन अर्थ शेजारी आले असावेत. ‘रंगरेज’ मात्र फारसी असून त्यातील ‘रेज’चा अर्थ ओतणारा असा आहे.

पुन्हा रंगवण्याची गरज रंगाच्या कच्चेपणातून येई. करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग धुण्याने आणि उन्हाने उतरतो. उलट तुरटीत भिजवलेल्या सुतावर मंजिष्ठेचा तांबडा पक्का बसतो, कारण तुरटीतील धातू रंग आणि धागा यांना बांधून ठेवतो. निळीच्या पिंपातून कापड हिरवट पिवळे निघते, हवा लागली की निळे होते, आणि छटा गडद हवी असल्यास ते पुन्हा बुडवतात. म्हणजे इथे मुळातले रंगवणेच अनेकदा रंगवणे असते. फिकटावर गडद चढते, गडदावर फिकट चढत नाही, ही रंगाऱ्याची मर्यादा. पिवळ्यावर नीळ दिली तर हिरवा मिळतो.

1856 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने कृत्रिम जांभळा रंग बनवला, 1868 मध्ये मंजिष्ठवर्गातील वनस्पतींच्या मुळांत असणारे अलिझरिन हे तांबडे रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर पक्के रंग गिरणीतच मिळू लागले आणि जुने कापड रंगाऱ्याकडे नेण्याचे कारण उरेनासे झाले. घराच्या भिंतींना मात्र आजही वेळोवेळी ‘रंगरंगोटी’ लागते.