प्रथिनांत दडलेली प्रतिजैविके आणि १९९९ चा नकार

मानवी प्रथिनांच्या तुकड्यांतून प्रतिजैविके शोधण्याची आजची लगबग २०२१ पासूनची. त्या वर्षी संगणकाने माणसाची बहुतेक सगळी ज्ञात प्रथिने चाळून जिवाणू मारू शकतील असे २,६०३ पेप्टाइड तुकडे (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) वेगळे काढले. संसर्गाशी काही देणेघेणे नसलेली, पचनाची किंवा मज्जासंस्थेची कामे करणारी प्रथिनेही त्यांत होती. ५५ तुकडे प्रयोगशाळेत बनवले, त्यांतले ३५ जिवाणूंवर चालले. काहींनी उंदरांमधला संसर्गही कमी केला.

कल्पना मात्र जुनी. पांढऱ्या पेशींतली जिवाणूमारक पेप्टाइडे, म्हणजे डिफेन्सिन, १९८५ ची; बेडकाच्या कातडीतले तसलेच मॅगेनिन १९८७ चे. १९९२ मध्ये दुधातले लॅक्टोफेरिन पेप्सिन या जठरातल्या पाचक विकराने तोडले, तेव्हा सुटलेला तुकडा मूळ प्रथिनापेक्षा जास्त मारक निघाला. आजच्या शोधाचे बीज खरे तर तिथे आहे.

मग औषध अडले कुठे? उत्तर शोधताना पेक्सिगॅननपाशी थांबावेच लागते. मॅगेनिनच्या धर्तीवर बनवलेले हे २२ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. मधुमेही पायाच्या चिघळलेल्या जखमेवर लावायचे मलम. दोन मोठ्या चाचण्यांत त्याची तुलना पोटात घ्यायच्या ऑफ्लोक्सॅसिन या प्रतिजैविकाशी झाली. एका चाचणीत दोन्ही उपचार तोडीस तोड असल्याचे सिद्ध झाले नाही, दुसरीत झाले. एकत्रित आकड्यांतही दोन्ही तोडीस तोड ठरले. तरीही १९९९ मध्ये अमेरिकी नियामकांनी परवानगी नाकारली.

हा नकार निर्दयी होता, असे या क्षेत्रातल्या अनेकांना आजही वाटते. पोटातल्या गोळ्यांइतका गुण मलमाने येत असेल, तर रुग्णाचे नुकसान काय? पण आक्षेपही पोकळ नव्हता. चाचणीत प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या नकली उपचाराचा, गट नव्हता. सौम्य संसर्गाची जखम नीट साफ केली, मृत ऊती काढली, पायावरचा भार कमी केला, की पुष्कळदा तशीही सुधारते. मग श्रेय मलमाला द्यायचे की जखमेच्या निगेला? पुढे प्लासिबोशी थेट तुलना झाली आणि २०१६ मध्ये मलम त्यात नापास झाले. म्हणजे शंका बरोबर होती. माझ्या मते दोष नकाराचा कमी आणि चाचणीच्या आखणीचा जास्त. पण त्या नकाराने पेप्टाइडांवरचा पैसा आटला, हेही तितकेच खरे.

दुसरा वाद याच पेप्टाइडाने ओढवून घेतला. धन विद्युतभाराची ही पेप्टाइडे जिवाणूच्या ऋण विद्युतभाराच्या पटलावर घाला घालतात. अख्खे पटल बदलणे जिवाणूला जड जाईल, म्हणून प्रतिकार येणार नाही, असे सांगितले जाई. २००६ मधल्या प्रयोगात शेकडो पिढ्या पेक्सिगॅननच्या सान्निध्यात वाढवलेल्या जिवाणूंमध्ये त्याला प्रतिकार आला. २०१२ मध्ये त्याहून अस्वस्थ करणारे दिसले: पेक्सिगॅननला सरावलेले स्टॅफिलोकोकस ऑरियस माणसाच्या स्वतःच्या डिफेन्सिनलाही जुमानेनासे झाले. बेडकाच्या पेप्टाइडाच्या नकलेने हे होत असेल, तर थेट मानवी तुकडे औषध म्हणून ओतल्यावर काय, हा प्रश्न २०२१ नंतरच्या उत्साहात फारसा ऐकू येत नाही.

‘मानवी, म्हणून सुरक्षित’ हेही गृहीतच. १९९५ चे एलएल-३७ हे मानवी जिवाणूमारक पेप्टाइड घ्या. सोरायसिस या त्वचाविकारात ते आपल्याच डीएनएला बिलगून प्रतिकारशक्तीला चिथावते, असे २००७ मध्ये दिसले. शिवाय रक्तातली विकरे सुट्या पेप्टाइडाचे लवकरच तुकडे करतात. म्हणून रासायनिक बदल करावे लागतात, आणि केले की ‘मानवी’पण तेवढे उणे होते.

२०२५ मध्ये चित्राला नवी बाजू मिळाली. पेशीतली निकामी प्रथिने तोडणारे प्रोटिअसोम जिवाणूमारक पेप्टाइडेही सोडते आणि संसर्ग झाला की त्यांचे प्रमाण वाढवते, असे आढळले. आजवर संगणकाने वर्तवलेले काही तुकडे पेशीत खरोखर तयार होत असतील, या शक्यतेला त्याने बळ मिळाले. उपचाराचा पुरावा मात्र इथेही उंदरांपुरताच आहे. पहिली मोठी मानवी चाचणी आखताना तुलना कशाशी करायची, हे आधी ठरवावे लागेल.