खाऊ पोचेपर्यंत कुत्रा उठलेला असतो

‘बस’ म्हटल्यावर कुत्रा बूड टेकवतो. तुम्ही खुश होऊन खिशात हात घालता, पुडी चाचपता, तुकडा काढता, वाकून त्याच्या तोंडाजवळ नेता. यात दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात तो उठून तुमचा खिसा हुंगायला लागलेला असतो. खाऊ मिळाला तो उठण्याबद्दल आणि खिसा हुंगण्याबद्दल. असं आठवडाभर चाललं की घरातले म्हणतात, कुत्रा हट्टी आहे. क्लिकर हा या दोन-तीन सेकंदांवरचा उपाय आहे.

वस्तू अगदी साधी. मुठीत मावणारी प्लास्टिकची डबी आणि आत पोलादाची पातळ पट्टी. दाबली की ‘टक्’. आवाज तोकडा, धारदार आणि दर वेळी तोच. बूड जमिनीला टेकलं त्या क्षणी टक् वाजला की कुत्र्याला कळतं, खाऊ याचा आहे. मग तुकडा पोचायला दोन सेकंद लागले तरी बिघडत नाही.

आवाजाला ही किंमत येते कुठून? रशियन शास्त्रज्ञ पावलॉवने दाखवलं होतं की खाण्याआधी ठरावीक आवाज ऐकवत राहिलं, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनरचं काम त्यापुढचं: ज्या वागण्यामागून काही चांगलं पदरात पडतं, ते वागणं वाढतं. क्लिकरमध्ये हे दोन्ही एकत्र येतात. घरच्या कुत्र्याला शिकवण्यासाठी खेळण्यातली टकटकी वापरा, असं स्किनरने 1951 सालीच एका लेखात सुचवलं होतं. पण ही पद्धत आधी मुरली ती डॉल्फिनच्या तलावांवर, तिथे टक्‌च्या जागी शिट्टी असे. हवेत उडी घेतलेल्या डॉल्फिनच्या तोंडात त्याच क्षणी मासा देणार कसा? डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी 1990च्या दशकात ही पद्धत कुत्रेवाल्यांमध्ये रुजवली. मेंदूच्या पातळीवरचा एक दुवा मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून मिळाला. सुरुवातीला डोपामिन हे मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या पेशी बक्षीस मिळताना चेततात, पण शिकणं पक्कं झालं की बक्षिसाची वर्दी देणाऱ्या खुणेलाच चेततात.

कुत्र्याच्या बाबतीत ही वर्दी आधी पक्की करून घ्यावी लागते. 15-20 तुकडे घ्या. टक्, मग तुकडा. टक्, मग तुकडा. कुत्र्याकडून काहीही मागू नका. तुकडा मऊ आणि वाटाण्याच्या निम्म्या आकाराचा हवा, चघळत बसावा लागला तर धडा तुटतो. दिवसभरातला असा वरखाऊ एकूण आहाराच्या एक दशांशाच्या आत ठेवा, आणि चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) घातलेलं काहीही देऊ नका. एक-दोन बैठकांनंतर कुत्र्याचं लक्ष दुसरीकडे असताना एकदा टक् करून पाहा. मान झटकन तुमच्याकडे वळली तर पुढे जा.

इथेच एक चूक होते आणि ती करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही: टक् व्हायच्या आधीच हात खिशाकडे निघतो. कुत्रं माणसाचे हात फार बारकाईने वाचतं. हात हलला म्हणजे खाऊ येणार हे त्याला आधीच कळलं, तर नंतरच्या टक्‌मध्ये नवी बातमी काही उरत नाही. म्हणून आधी टक्, तोवर हात स्थिर, मग हालचाल. हा क्रम कुत्र्याशिवाय गिरवावा. कुणाला तरी चेंडू वर टाकायला सांगा आणि तो जमिनीला लागेल त्याच क्षणी टक् करा. पहिल्या 10 वेळांत बहुतेकांचा टक् उशिरा पडतो.

आता नवं काम: चटईवर जाऊन आडवं होणं. चटई पसरा आणि गप्प राहा. कुत्र्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी टक्, आणि तुकडा चटईपासून लांब टाका, म्हणजे तो खाऊन परत येईल आणि पुढची संधी आपोआप मिळेल. मग नजर पुरेशी नाही, एक पाऊल हवं. मग एक पंजा चटईवर, मग दोन, मग चारही. चारही पंजे ठरले की तुकडा द्यायची जागा बदला: आता तो चटईवरच, त्याच्या पुढच्या पायांच्या मधोमध. खाऊ जिथे येतो तिकडे शरीर झुकतं, त्यामुळे आडवं होणं निम्मं तिथेच होतं. 10 पैकी 8 वेळा जमलं की पायरी वाढवा, निम्म्या वेळाही जमत नसेल तर एक पायरी खाली या. सुरुवातीला मिनिटाला 10-12 टक् पडायला हवेत. 15 सेकंद कोरडे गेले तर दोष कुत्र्याचा नाही, तुमची पायरी उंच आहे. दोन मिनिटांत थांबा.

या सगळ्यात अजून एकही शब्द उच्चारलेला नाही, तो मुद्दामच. कुत्रा चटईकडे हमखास निघतो असं दिसू लागलं, की निघण्याच्या किंचित आधी ‘जागेवर’ म्हणा, एकदाच. उभ्या कुत्र्यापुढे ‘बस, बस, बस’चा जप केला तर तो शब्द त्याच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखा होतो. काही डझन वेळा शब्द आणि कृती जुळली की शब्दाशिवाय केलेल्या कृतीला टक् देणं बंद करा.

चुकून टक् पडला तरी तुकडा द्यायचाच. चूक तुमची, भरपाई कुत्र्याची. कुत्र्याला बोलावण्यासाठी टक् वाजवू नका, त्याने वर्दीचा अर्थच बदलतो. आवाजाला दचकणारा कुत्रा असेल तर क्लिकर जाड मोज्यात गुंडाळा किंवा बॉलपेनचं बटण वापरा. आणि अंगावर उड्या मारणाऱ्याला ‘उडी मारली, मग बसला, मग टक्’ असं शिकवत असाल तर सावधान. काही दिवसांनी तो बसून खाऊ मिळवण्यासाठी आधी उडी मारू लागतो, कारण तुम्ही पूर्ण साखळीचे पैसे मोजलेत. टक् हवा तो जवळ येताना चारही पाय जमिनीवर असतानाच. भुंकून खाऊ मागणाऱ्याचा खाऊ बंद केला की भुंकणं आधी वाढतं, मग उतरतं. नेमकं वाढलेलं असताना कंटाळून तुकडा दिला, तर मोठ्याने भुंकणं शिकवलं जातं.

क्लिकरचे भक्त त्याला जादू समजतात, ते मात्र पटत नाही. क्लिकर, ठरलेला शब्द आणि नुसता खाऊ अशी तुलना करून पाहिली गेली, तेव्हा शिकण्याच्या वेगात फरक आढळला नाही, असेही निष्कर्ष आहेत. छोटा, एकाच सुरात म्हटलेला शब्द चालतो. क्लिकरचा खरा फायदा शिकवणाऱ्याला होतो: नेमकं कशाला दाबायचं हे त्याला आधी ठरवावं लागतं, आणि त्याचा वैताग आवाजात उतरत नाही.

काम शब्दावर पक्कं झालं की त्या कामापुरता क्लिकर बाजूला ठेवा. खाऊ मात्र एकदम तोडू नका. आधी दोन-तीनदा केल्यावर एकदा, मग कधी लगेच तर कधी पाचव्या वेळी, आणि तोही झटपट, नीट केलेल्या वेळेला. जागा बदलली, समजा फाटकापाशी गेलात, तर चटई, क्लिकर आणि तुकडे घेऊन दोन पायऱ्या खालून पुन्हा सुरू करा. स्वयंपाकघरात शिकलेलं ‘जागेवर’ कुत्र्याच्या लेखी फाटकापाशी लागू नसतं.