लाइट आल्यावर पंप चालू की बंद?

कमोडोर ६४ हा १९८२ सालचा घरगुती संगणक. प्रोसेसर जेमतेम एक मेगाहर्ट्‌झचा, मेमरी ६४ किलोबाइट, पडदा म्हणून घरातलाच टीव्ही. आजच्या साध्या वायफाय बल्बमध्येही याहून कितीतरी वेगवान चिप असते. तरीही माळ्यावर अशी पेटी सापडली आणि ती अजून चालत असेल, तर अंगणातला दिवा, सोप्यावरचा पंखा आणि विहिरीवरचा पंप तिच्या ताब्यात देता येतो. देणे कठीण नाही. कठीण भाग पहिल्या पावसात लक्षात येतो, माडाचे चुडत तारेवर पडून लाइट जाते आणि तासाभराने परत येते तेव्हा.

आधी सोपा भाग. कमोडोरच्या पाठीमागे ‘यूझर पोर्ट’ नावाची उघडी पट्टी आहे. तिच्यातल्या आठ पिना ६५२६ या चिपला जोडलेल्या असतात आणि त्या बेसिक भाषेतून थेट हलवता येतात. मेमरीतला ५६५७९ हा पत्ता प्रत्येक पिनेची दिशा ठरवतो, म्हणजे तिने ऐकायचे की बोलायचे. ५६५७७ हा पत्ता प्रत्यक्ष पातळी ठरवतो, शून्य व्होल्ट की पाच. ‘पोक’ ही आज्ञा त्या पत्त्यावर आकडा लिहिते. आठ पिना म्हणजे आठ बिट, म्हणजे आठ उपकरणे. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून भारतातल्या शाळांमध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोलाही असाच यूझर पोर्ट होता. पत्ते वेगळे, कल्पना तीच.

पिन मात्र काही मिलिअँपिअरपलीकडे भार घेत नाही. रिले म्हणजे गुंडाळीतल्या चुंबकाने चालणारा स्विच; पाच व्होल्टच्या छोट्या रिलेच्या गुंडाळीला ७० ते ८० मिलिअँपिअर लागतात आणि यूझर पोर्टवरून मिळणारी पाच व्होल्टची वीज जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर. एका रिलेतच ती संपत आली. म्हणून मध्ये यूएलएन २००३ सारखी जास्त प्रवाह पेलणारी चिप आणि रिलेसाठी स्वतंत्र वीजपुरवठा घालतात. या चिपमधली प्रत्येक वाट ५०० मिलिअँपिअरपर्यंत पेलते. गुंडाळी बंद होताना उलट्या दिशेने येणारा व्होल्टेजचा झटका जिरवणारे डायोडही तिच्यात आधीच असतात. पिन आणि चिप यांच्यामध्ये ऑप्टोकपलर हवाच. त्यात एका बाजूला इवलासा एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशाने चालणारा ट्रान्झिस्टर असतो; निरोप उजेडाने जातो, तार जोडलेली नसते. रिलेकडच्या बाजूला २३० व्होल्ट आहेत आणि किनाऱ्याजवळच्या घरात सर्किट बोर्डावर खारट ओलाव्याचा थर चढायला एक पावसाळा पुरतो. तो थर वीज वाहून नेतो. म्हणून बोर्डावर २३० व्होल्टच्या आणि पाच व्होल्टच्या रेषांमध्ये भरपूर अंतर ठेवायचे, बोर्डाला वॉर्निश मारायचे, आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर २३० व्होल्टच्या तारेला हात लावायचा नाही. ही जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी.

आता कठीण भाग. लाइट गेली की कमोडोरची मेमरी पुसली जाते. परत आली की तो निळ्या पडद्यावर ‘रेडी’ लिहून थांबतो. तुमचा प्रोग्रॅम गेलेला असतो. त्या क्षणी यूझर पोर्टच्या सगळ्या पिना ऐकण्याच्या दिशेत असतात आणि चिपच्या आतल्या ओढीमुळे त्यांची पातळी वर जाते. तुमच्या जोडणीत ‘वर म्हणजे चालू’ असेल तर मध्यरात्री लाइट येताच दिवे, पंखा, पंप एकदमच सुरू होऊ शकतात, तेही कोणी काही न सांगता.

उपाय असा, की जोडणी उलटी करायची. पिन खाली गेली तरच ऑप्टोकपलरमधला एलईडी पेटेल. मग संगणक झोपेत असला तरी घर बंद राहते. यातही एक खोच आहे. चिप नव्याने सुरू झाल्यावर ५६५७७ मध्ये शून्य असते. तुम्ही आधी दिशा बदललीत, तर आठही पिना क्षणभर खाली जातात आणि सगळे रिले खटकतात. म्हणून आधी ‘पोक ५६५७७, २५५’ आणि मगच ‘पोक ५६५७९, २५५’. पुढे पहिले उपकरण चालू करायला ‘पोक ५६५७७, २५४’. दोन ओळींचा क्रम चुकला तर पंपाला झटका बसतो. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेले नसते.

प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा म्हणून तो ईप्रॉम चिपवर (लाइट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) कोरून कार्ट्रिजमध्ये, म्हणजे संगणकाच्या मागे खोचायच्या डबीत, बसवतात. सुरू होताना कमोडोर ठरावीक जागी ‘सीबीएम८०’ ही पाच अक्षरे शोधतो. सापडली तर ताबा कार्ट्रिजकडे देतो. वेळेचा प्रश्न मात्र राहतोच. ६५२६ मध्ये घड्याळ आहे आणि गंमत म्हणजे ते घरच्या विजेच्या ५० हर्ट्‌झवरच सेकंद मोजते. लाइट गेली की घड्याळही गेले. संध्याकाळी साडेसहाला दिवा लावायचा, तर साडेसहा वाजले हे त्याला सांगणार कोण?

माझ्या मते घड्याळाच्या मागे लागूच नये. गोव्यात नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. तेव्हा सरळ उजेड मोजावा. कमोडोरच्या जॉयस्टिक पोर्टवर पॅडलसाठी, म्हणजे खेळातल्या फिरवायच्या बटणासाठी, रोध मोजण्याची सोय आहे. आवाजाची सिड चिप एक छोटा कपॅसिटर रिकामा करते, तो भरायला लागणारा वेळ मोजते आणि ५४२९७ या पत्त्यावर ० ते २५५ मधला आकडा ठेवते. पॅडलच्या जागी एलडीआर, म्हणजे अंधारात ज्याचा रोध वाढतो असा घटक, लावला की अंधार वाढेल तसा हा आकडा वाढतो. लाइट कितीही वेळा गेली तरी उजेडाची खबर ताजीच असते.

आषाढातला काळाकुट्ट ढग दुपारी दोन वाजताही संध्याकाळ करतो. एकच सीमा ठेवली तर दिवा लुकलुकत राहील. म्हणून दोन सीमा ठेवायच्या: आकडा, समजा, २०० च्या वर गेला तर चालू आणि १२० च्या खाली आला तरच बंद. मधल्या पट्ट्यात आहे तसेच. शिवाय एलडीआरला तोच दिवा दिसता कामा नये, नाहीतर दिवा स्वतःलाच पहाट समजून विझेल.

घरभर तारा न ओढता हेच काम करणारी एक्स-१० पद्धत स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये तयार केली. घरच्या वीजतारेतूनच, व्होल्टेज शून्यावरून जाते त्या क्षणी, १२० किलोहर्ट्‌झचा एक मिलिसेकंदाचा झटका पाठवायचा. झटका आणि त्याचा अभाव यांच्या जोडीतून एक बिट. १६ घर-अक्षरे आणि १६ क्रमांक मिळून २५६ पत्ते. आपल्या ५० हर्ट्‌झवर एक पूर्ण आज्ञा जायला जवळजवळ सेकंद लागतो. ही पद्धत कमोडोरलाही जोडता येई. यातही लाइट गेल्यावर दिव्याचे मॉड्यूल (आज्ञा ऐकणारी डबी) लाइट आल्यावर बंदच राही, तर उपकरणांच्या मॉड्यूलातला यांत्रिक रिले आधीच्याच अवस्थेत राही. आजचे अनेक स्मार्ट बल्ब लाइट येताच पूर्ण उजेडात पेटतात आणि झोपमोड करतात, कारण सेटिंग तसे असते. प्रश्न पन्नास वर्षे जुना आहे.

पंपासाठी आणखी काळजी लागते. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. १० अँपिअरचा छोटा रिले थेट लावला तर त्याचे संपर्क चिकटू शकतात. संगणक ‘बंद’ म्हणतो आणि टाकी वाहत राहते. म्हणून रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा मोठा रिले, चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने पंप. टाकीतला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालणारा) जॉयस्टिकच्या फायर बटणाच्या जागी जोडला की ‘पीक ५६३२०’ या आज्ञेने त्या पत्त्यावरचा आकडा वाचून टाकी भरली का ते कळते. कार्ट्रिज जागे झाले की आधी हा स्विच वाचावा, मग दोन-तीन मिनिटे थांबावे. लाइट येताच वाड्यावरच्या सगळ्या मोटरी एकदम ओढायला लागतात आणि व्होल्टेज पडते. ते सावरले की मगच ‘पोक’ करावे.