विद्यार्थीकेंद्री कोर्स-रचना (ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय शिक्षण)

ऑनलाइन कोर्स बनवताना "मला काय शिकवायचंय" इथून सुरुवात न करता "शिकणाऱ्याला शेवटी काय जमायला हवं, आणि तो कुठल्या परिस्थितीत बसून शिकणार आहे" इथून सुरुवात करायची, या पद्धतीला विद्यार्थीकेंद्री कोर्स-रचना म्हणतात. वर्गातल्या बाई किंवा सर मुलांचे चेहरे बघून थांबतात, परत सांगतात, उदाहरण बदलतात. रेकॉर्डेड कोर्समध्ये ते शक्य नसतं, म्हणून कोण कुठे अडकेल याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो आणि खरी मेहनत तिथेच आहे. लेक्चर रेकॉर्ड केलं, पीडीएफ जोडली, झाला कोर्स, असं आजही सर्रास चालतं आणि त्याचे हाल विद्यार्थी भोगतात.

हा विचार इंटरनेटच्या बराच आधीचा आहे. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये रेडिओ-टीव्हीवरून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली, जेनी ली या मंत्रीणबाईंनी ती नेटाने पुढे रेटली, १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि जानेवारी १९७१ पासून शिकवणं सुरू झालं. प्रवेशाला आधीच्या पदवीची, मार्कांची अट नव्हती. म्हणजे शाळा सोडून वर्षं झालेले कामगार, घर सांभाळणाऱ्या बायका, शिफ्टमध्ये काम करणारे लोक, असे सगळे एकाच कोर्सला, आणि त्यांना वर्गात बोलवायची सोय नाही. मग कोर्स एकट्या प्राध्यापकाने न लिहिता टीमने लिहायचा असं ठरलं, त्यात विषयाचे जाणकार, बीबीसीचे प्रोड्युसर, संपादक आणि शिकण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास असणारे लोक एकत्र बसायचे. एकमेकांचा मसुदा वाचून "हे विद्यार्थ्याला कळणार नाही" असं तोंडावर सांगायचे. एवढा वेळ आणि पैसा एका कोर्सवर घालवणं तेव्हा अनेकांना उधळपट्टी वाटली असेल, पण माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं पाऊल हेच.

ओपन युनिव्हर्सिटीच्या कोर्सच्या पुस्तकांमध्ये मजकुराच्या अधेमधे प्रश्न असायचे आणि उत्तरं मागे. याचं मर्म एका साध्या उदाहरणातून कळतं. समजा संख्याशास्त्राच्या कोर्समध्ये मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, शिकवायचाय. व्याख्या देण्याआधीच विचारायचं: एका ऑफिसात पाच जणांचे पगार १८, २०, २२, २० आणि २२० हजार आहेत, जाहिरातीत "सरासरी पगार ६० हजार" छापलंय, तुम्ही तिथे अर्ज कराल का? गणित बरोबर आहे, बेरीज ३०० हजार भागिले पाच, पण चौघांना त्याच्या जवळपासही पगार नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःला दिसतं. मग मध्यक काढायला सांगायचा. उत्तर २० आलं तर पुढे जा. २२ आलं तर तिथेच लिहिलेलं हवं की "तुम्ही आकडे चढत्या क्रमाने न लावता मधला उचललाय, लावून परत बघा". ६० आलं तर परत सरासरीच काढलीये. म्हणजे प्रत्येक चुकीच्या उत्तरामागचं कारण लिहिणाऱ्याने आधी ओळखलंय. नुसतं लाल अक्षरात "चूक" दाखवणाऱ्या क्विझने शिकणं होत नाही, फक्त हिरमोड होतो.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलं की दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, ते संवाद किती, कोर्सची चौकट किती घट्ट आणि विद्यार्थी स्वतःहून किती चालवू शकतो यावर ठरतं. दोनशे जणांच्या झूम लेक्चरमध्ये कॅमेरे बंद करून बसलेली मुलं शिक्षकापासून खूप लांब असू शकतात, आणि असाइनमेंटवर नीट चार ओळी लिहून पाठवणारा ट्यूटर दुसऱ्या देशात असूनही जवळचा वाटतो. कॅनडात गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या संशोधकांनी २००० मध्ये यात भर घातली, की विषयाचा विचार, शिक्षकाचं असणं आणि सोबत्यांचं असणं या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ऑनलाइन शिकणं रुजतं.

कोर्स अनेक देशांत चालवायचा म्हटलं की बारीकसारीक गोष्टी अंगावर येतात. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रविवारी रात्री ११:५९ ची डेडलाइन म्हणजे भारतात सोमवारी सकाळचे साडेनऊ नाहीतर साडेदहा, कारण तिकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, आणि हे कोर्सवर स्पष्ट लिहिलं नाही तर विनाकारण मार्क जातात. बेसबॉलची उदाहरणं इथे कोणाला कळणार? तिकडच्या टॅक्सचे नियम धरून केलेलं गणित नैरोबीच्या विद्यार्थ्याला दुप्पट अवघड जातं, एकदा विषयामुळे आणि एकदा संदर्भामुळे. जड व्हिडिओसोबत मजकूर आणि हलकी ऑडिओ फाइल द्यावी, सबटायटल द्यावीत. चर्चा लेखी ठेवली तर इंग्रजी दुसरी भाषा असलेल्यांना विचार करून लिहायला वेळ मिळतो, लाइव्ह तासाला मात्र अस्खलित बोलणारेच बोलत राहतात. आणि शिक्षकाला प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटणाऱ्या घरांतून आलेली मुलं पुष्कळ असतात, त्यांना "चर्चेत भाग घ्या" एवढं सांगून भागत नाही, कसा घ्यायचा त्याचा नमुना दाखवावा लागतो.

आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम मराठीतून करतंय, "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचं ब्रीद, आणि स्वयंअध्ययनाची पुस्तकं व गावोगावची अभ्यासकेंद्रं हा त्याचा कणा. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरच्या (२०१७) कोर्समध्ये व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चा आणि स्वतःची चाचणी असे चार भाग ठरलेले आहेत. आराखडा चांगलाय, पण हजारो विद्यार्थ्यांमागे उत्तर देणारे मोजकेच असले तर चर्चेचा भाग नावापुरता उरतो. मोठ्या खुल्या कोर्समध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेक जण शेवटपर्यंत जात नाहीत ही जगभरची अडचण आहे, आणि त्याचं खापर थेट विद्यार्थ्याच्या आळसावर फोडणं मला पटत नाही. आधी कुठल्या आठवड्यात, कुठल्या पानावर लोक थांबले ते बघावं. ते पान चारपाच खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ठेवून, मध्ये न बोलता, ते कसं वाचतात हे बघितलं की कुठली ओळ बदलायची ते तासाभरात समजतं.