कोऱ्या मशीनपासून चालत्या साइटपर्यंत

1999 साली अमेरिकेत इंटरनेटवर धंदा सुरू करायचा म्हणजे आधी यंत्रं विकत घ्यावी लागत. सन मायक्रोसिस्टिम्सचे सर्व्हर (साइट चालवणारे संगणक), ऑरॅकलचा डेटाबेस, सिस्कोचे नेटवर्क जोडणारे राउटर ही ठरलेली खरेदी असायची. गुंतवणूकदारांकडून आलेल्या पैशाचा मोठा वाटा तिथेच संपायचा. माल आला की डेटा सेंटरमधला, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या इमारतीतला, जाळीचा पिंजरा भाड्याने घ्यायचा, खोकी फोडायची, सर्व्हर रॅकमध्ये सरकवून स्क्रू आवळायचे, केबलना चिठ्ठ्या लावायच्या आणि एकेका मशीनसमोर उभं राहून सीडीवरून ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची. एवढं झाल्यावर कुठे प्रोग्रामरचं काम सुरू.

यातला वेळ सगळ्यांना दिसत होता. खरी गोम हाताने केलेल्या कामात होती, कारण दहावं मशीन कधीच हुबेहूब पहिल्यासारखं होत नाही. रात्री दोन वाजता साइट बंद पडते, कुणीतरी लॉगिन करून कॉन्फिगरेशन फाइलमधली एक ओळ बदलतं, साइट चालू होते, सगळे झोपायला जातात. ती ओळ कुठेच नोंदलेली नसते. सहा महिन्यांनी नेमकं तेच मशीन जळतं आणि नव्या मशीनवर सगळं ‘तसंच’ बसवूनही साइट उठत नाही. हे ज्यांनी सोसलंय त्यांना ती रात्र वेगळी सांगायला नको.

यात मोठ्या कंपन्याही सुटल्या नाहीत. जून 1999 मध्ये ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट जवळजवळ 22 तास बंद पडली. चालू लिलाव अडकले, कंपनीला विक्रेत्यांचं लाखो डॉलरचं शुल्क परत करावं लागलं, शेअर कोसळला. महागडी यंत्रं घेतली की भरवसा आपोआप मिळतो, ही समजूत त्या दिवशी जाहीरपणे मोडली. गूगलने त्याच सुमारास उलटी वाट धरली होती. त्यांच्या 1999 च्या रॅकमध्ये एकेका ट्रेवर चार-चार स्वस्त मदरबोर्ड उघडेच मांडलेले असत, खाली विद्युतरोधक म्हणून बुचाचा थर. यंत्र बिघडणारच हे धरून चालायचं आणि सॉफ्टवेअरने ते सांभाळून घ्यायचं, हा त्यामागचा हिशोब होता.

पण हाताच्या कामावरचा उतारा याआधीच, आणि बाजारापासून दूर, तयार होत होता. ऑस्लो विद्यापीठात भौतिकशास्त्राचं संशोधन करणाऱ्या मार्क बर्जेस यांनी 1993 मध्ये सीएफइंजिन लिहिलं. मशीन कसं असायला हवं ते एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. प्रत्येक मशीनवरचा प्रोग्राम ते वाचतो, स्वतःची स्थिती पडताळतो आणि फरक असेल तेवढाच दुरुस्त करतो. 1998 साली स्टीव्ह ट्रॉगॉट आणि जोएल हडलस्टन यांनी एका निबंधात पुढची पायरी मांडली: सगळी यंत्रं मिळून एकच मोठं मशीन समजा, आणि उभारणीचा क्रम चुकवू नका. आधी प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारी व्यवस्था, मग सगळ्या फाइलींची अस्सल प्रत ठेवणारा मुख्य सर्व्हर, मग कोरं मशीन आपोआप उभं करणारं साधन. बाकीचं नंतर. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा विचार हाच आहे. घाईत असलेली नवी कंपनी नेमकी याच तीन गोष्टी ‘पुढे बघू’ म्हणून टाळते आणि पुढे त्याची दामदुप्पट भरपाई करते.

हा विचार धंदा म्हणून विकायला निघालेली कंपनी म्हणजे लाउडक्लाउड. मार्क अँड्रीसन (नेटस्केप या ब्राउझर कंपनीचे एक संस्थापक), बेन होरोविट्झ आणि दोन सहकाऱ्यांनी ती 1999 मध्येच काढली. त्यांचं म्हणणं: तुम्ही फक्त साइट लिहा. सर्व्हर, नेटवर्क, देखरेख आमच्याकडे, तुम्ही दरमहा पैसे द्या. कल्पना पक्की होती, पण गिऱ्हाईक होते ते डॉटकॉमवाले, म्हणजे इंटरनेटवर धंदा काढलेल्या नव्या कंपन्या, आणि त्यांच्या शेअरचा फुगा फुटल्यावर ते एकेक करून बुडाले. 2002 मध्ये साइट चालवण्याचा धंदा ईडीएस या संगणक सेवा कंपनीला 6 कोटी 35 लाख डॉलरला गेला. हातात उरलं ते यंत्रं आपोआप बसवणारं सॉफ्टवेअर, ऑप्सवेअर. पाच वर्षांनी एचपीने ते 160 कोटी डॉलरच्या वर किंमत देऊन घेतलं. किंमत कशाला होती ते यात दिसतं: पिंजऱ्यातल्या लोखंडाला नव्हे, लिहून ठेवलेल्या कृतीला.

ऑगस्ट 2006 मध्ये अ‍ॅमेझॉनने इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणारी ईसीटू ही सेवा खुली केली. तासाला 10 सेंट, खरेदी नाही, करार नाही, काही मिनिटांत मशीन हजर. ही सेवा घडवणाऱ्या चमूने बरंचसं काम दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला बसून केलं होतं. 2008 मध्ये अ‍ॅनिमोटो ही छोटी व्हिडिओ कंपनी फेसबुकवर अचानक गाजली तेव्हा काही दिवसांत तिने 50 च्या आसपास सर्व्हरवरून साडेतीन हजारांपर्यंत मजल मारली. पिंजरा आणि स्क्रूच्या जमान्यात ती तिथेच बसली असती. आपल्याकडे ही सोय जवळ यायला अजून वेळ लागला. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशीच भाड्याने सर्व्हर देणारी क्लाउड केंद्रं सुरू केली, अ‍ॅमेझॉनचं मुंबई केंद्र 2016 चं.

हाताचं काम मात्र पूर्णपणे सुटलं नाही. 28 फेब्रुवारी 2017 रोजी अ‍ॅमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने, नेहमीच्याच कामासाठी, कमांड टाइप करताना एक मूल्य चुकवलं. थोडे सर्व्हर काढायचे होते, भलतेच जास्त निघाले. त्यांची एसथ्री ही साठवण सेवा अमेरिकेच्या पूर्व विभागात चार तासांहून अधिक काळ विस्कटली आणि तिच्यावर उभ्या असंख्य साइट तिच्यासोबत बसल्या. सेवा चालू की बंद हे दाखवणारं अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं पानही एसथ्रीवरच अवलंबून होतं, त्यामुळे सुरुवातीचे दोन तास त्यावर खरी स्थिती टाकताच आली नाही. नंतर त्यांनी ते साधन बदललं: आता ते सर्व्हर सावकाश काढतं, आणि ठरलेल्या किमान संख्येच्या खाली जायला नकार देतं.